बोव्हेचा एक खण : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

सकाळी ओळंबा, गुण्या, रंधा आणि जुनी लेव्हल-ट्यूब पाटावर मांडून झेंडूची फुलं वाहिली. संध्याकाळी माळ्यावरच्या खोलीत मॉडेलच्या बैठकीसाठी प्लायवूड कापलं. म्हणजे काम सुरू झालं.

काम असं आहे. उत्तर फ्रान्समधल्या बोव्हे गावच्या सेंट पीटर कॅथीड्रलचा एक खण, १:५० मापात. घर खणांत मोजतात तसाच हा खण धरायचा: चार खांब, वर कमानींचं दगडी छत, आणि दोन्ही अंगांनी बाहेरून टेकू देणाऱ्या उडत्या कमानी. भाचीच्या आर्किटेक्चर कॉलेजात फेब्रुवारीत प्रदर्शन आहे. ती पुठ्ठ्याचं मॉडेल करणार होती. मी म्हटलं, पुठ्ठा काहीही सहन करतो, त्यातून तुला काय कळणार? ठोकळे पाडू, रचू. फोनवर हसली. "मग मामा, तूच कर."

नियम एकच. गोंद नाही. जे उभं राहायचं ते स्वतःच्या वजनावर.

बोव्हेच का? तिथलं छत जमिनीपासून साधारण ४८ मीटर उंच आहे. गॉथिक चर्चांमध्ये याहून उंच दगडी छत नाही. माझ्या मापात ते ९६ सेंटीमीटर येतं. काम १२२५ मध्ये सुरू झालं, गर्भगृहाकडचा भाग १२७२ मध्ये पुरा झाला आणि बारा वर्षांनी, १२८४ मध्ये, छताचा मोठा भाग खाली आला. तीस वर्षं साइटवर काढल्यामुळे माझं मत आधीच ठरलेलं आहे: उंचीची हाव नडली. पाच मीटर कमी केली असती तर निभावलं असतं.

१५ ऑक्टोबर

आज नुसतं रेखाटन. कागद पुरेना, म्हणून खोलीतल्या शहाबादी फरशीवर खडूनेच काढलं. नंतर वाचताना कळलं की तेव्हाचे मिस्त्रीही असंच करत. जमिनीवर जिप्समचा गुळगुळीत थर द्यायचा, त्यावर कमानीचं पूर्ण मापाचं चित्र कोरायचं, त्यावरून पातळ लाकडी फर्मे कापायचे आणि ते पाथरवटांकडे द्यायचे. इंग्लंडमध्ये यॉर्क मिन्स्टर या कॅथीड्रलला अशी जमीन अजून शाबूत आहे, रेघांवर रेघा. हिने खोलीत डोकावून "फरशी कोण पुसणार?" एवढंच विचारलं.

टोकदार कमान का, हे मला इतकी वर्षं नीट माहीत नव्हतं. दिसायला छान, स्वर्गाकडे बोट वगैरे, एवढंच ऐकलं होतं. सुतळी आणि दोन खिळे घेऊन बसल्यावर पाच मिनिटांत उलगडलं. अर्धगोल कमानीची उंची तिच्या गाळ्याशी, म्हणजे दोन पायांमधल्या अंतराशी, बांधलेली असते. सहा मीटरचा गाळा असेल तर उंची तीनच मीटर. आता खण लांबट चौकोनी असला की पंचाईत येते. अरुंद बाजूची कमान बुटकी, रुंद बाजूची उंच आणि तिरक्या कर्णावरची सगळ्यांत उंच. तिन्हींचे माथे तीन ठिकाणी. वर छत बसवायचं तर कुठे खांब उचला, कुठे कमान दाबून चपटी करा.

टोकदार कमानीत मात्र दोन केंद्रं असतात. खिळे जवळ-लांब सरकवले की गाळा तोच राहून उंची हवी तेवढी मिळते. तिन्ही कमानींचे माथे एका पातळीत आले. फरशीवर तिन्ही एकाखाली एक काढून पाहिल्या, लेव्हल लावली आणि उगाचच खूश झालो.

२० ऑक्टोबर

पेणला राहण्याचा फायदा: साचा कसा करायचा हे विचारायला लांब जावं लागत नाही. आमच्या मागच्या आळीत गणपतीचा कारखाना आहे. तिथल्या मूर्तिकार काकांनी कमानीच्या ठोकळ्याचा माझा लाकडी नमुना हातात फिरवून पाहिला. "हा कुठला अवयव?" म्हणाले. फासळी, म्हटलं, म्हणजे छताखालची बारीक कमान. त्यांनी रबराचा साचा ओतून दिला आणि वर बजावलं, "पीओपीत काथ्या घालू नका. काथ्याने माल धरून राहतो. तुम्हाला तर तुटलेलं कळायला हवंय ना?" मुद्दा त्यांना माझ्याआधी कळला होता.

प्लास्टर ऑफ पॅरिस हे नाव पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीतल्या जिप्समवरून पडलं. त्या टेकडीपासून बोव्हे पाऊणशे किलोमीटर. म्हणजे माझा माल निदान नावापुरता तरी जवळच्याच खाणीतला.

२६ ऑक्टोबर

३१ ठोकळे फुकट. परतीच्या पावसाने हवा अजून दमट आहे, माल आतून वाळत नाही आणि साच्यातून काढताना कोपरे उडतात. दिवाळीपर्यंत ओतकाम बंद.

५ नोव्हेंबर

फराळ, पाहुणे आटोपले. आज रेटा मोजला.

आयुष्यभर आरसीसी केलेल्या माणसाला कमानीची एक गोष्ट अंगवळणी पडत नाही: ती खाली दाबते तशी बाजूलाही रेटते. सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या आपल्या जुन्या देवळांत खांबावर तुळई, तुळईवर शिळा. वजन सरळ खाली उतरतं, बाजूला कुणाचं काही घेणं नसतं. कमानीचे पाय मात्र सतत फाकायला बघतात.

प्रयोग असा केला. कमानीचा एक पाय पक्का धरला, दुसरा काचेच्या पट्टीवर, पट्टीखाली चार गोट्या. मग त्या पायाला बॅग तोलायचा हुकवाला डिजिटल काटा अडकवला. एकच गाळा, दोन कमानी. अर्धगोल कमानीचं वजन २.४ किलो, रेटा ४३० ग्रॅमच्या आसपास. टोकदार कमान उंच म्हणून जड, ३.२ किलो, तरी रेटा ३२० ग्रॅम. तीन-तीनदा मोजलं. वजन तिसऱ्या हिश्श्याने वाढलं, रेटा पाव हिश्श्याने घटला. उंच चढलेली कमान पाय कमी फाकते, शिडी उभी लावली की पायथा कमी सरकतो तसंच.

टोकदार कमानीचा एक हट्टही लक्षात आला. वर काही नसेल तर तिचं टोक खाली बसत नाही, वर उचलायला बघतं, कारण खांद्यांचं वजन दोन्हीकडून टोकाला वर ढकलतं. बोटाने हलकेच दाबलं की शांत. म्हणजे फासळ्या जिथे एकत्र येतात तिथे ते जे नक्षीचं जाड फूल कोरतात, पानं, चेहरे, कधी देवदूत, ते कमानीच्या टाळूवरचं वजनही आहे. माझ्या फुलावर नक्षी नाही. शिशाचा गोळा आहे, मासे पकडायच्या जाळ्याचा.

१७ नोव्हेंबर

सेंटरिंग लावून फासळ्या रचल्या. लाकडी फर्मे, खाली पाचरी. आधी चारही कमानी, मग दोन कर्ण, मध्ये शिशाचं फूल. फासळ्या उभ्या राहिल्या की मधली पोकळी पातळ बांधकामाने भरत जायचं. त्यासाठी पूर्ण छताइतकी सेंटरिंग लागत नाही आणि एका खणाचे फर्मे काढून पुढच्या खणाला वापरता येतात. आमच्या स्लॅबच्या प्लेटा फिरवायचो, तसंच. इथे मी थोडी लबाडी केली आहे: मधले पापुद्रे ठोकळ्यांचे नाहीत, चार सलग तुकडे ओतले. माझ्या हातून एवढे बारीक ठोकळे झाले नसते.

दुपारी चार वाजता पाचरी सैल केल्या. एकेक टिचकी, फिरत फिरत, सगळीकडून सारख्या. आधी काहीच नाही. मग वाळकी फांदी दुमडावी तसा बारीक आवाज आला आणि माथ्याशी, खालच्या अंगाने, केसाएवढी फट उघडली. माझा हात थिजला. साइटवर असली चीर दिसली की पहिलं काम ठेकेदाराला बोलवायचं.

पण ते उभं होतं. फर्मा काढला, तरी उभं. पाय जरासे फाकले, तेवढ्या जास्त जागेत बसण्यासाठी कमानीने माथ्याशी एक सांधा उघडला आणि नव्या जागी स्थिरावली. सुट्या दगडांना ताण सहन होत नाही, त्यामुळे सरकायचं झालं की ते असेच सांधे उघडतात. दाबाची रेघ, म्हणजे वजन ज्या वाटेने खाली उतरतं ती, दगडाच्या जाडीच्या आत कुठेतरी जात असेल, तर चीर असूनही कमान शेकडो वर्षं उभी राहते. इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७५ मध्ये हे एका वाक्यात सांगितलं होतं, तेही अक्षरांची उलटापालट करून, कुणी चोरू नये म्हणून: लवचीक साखळी जशी लोंबते, तशीच उलटी केली की ताठ कमान उभी राहते. हिची जुनी चेन मागून घेतली, फरशीवरचं चित्र बोर्डावर उतरवून ते उलटं टांगलं आणि चेन लोंबती धरून पाहिली. रेघ जाडीच्या आत. जेमतेम.

२९ नोव्हेंबर

बोव्हेचं छत पडलं ती हीच तारीख, ७४० वर्षांपूर्वी. तारीख लक्षात ठेवून काम केलं नव्हतं, पण आज माझं गणित माझ्याच मताविरुद्ध गेलं, म्हणून सविस्तर लिहितो.

४८ मीटर उंचीचा चुनखडीचा नुसता खांब उभा केला, तर तळाला दर चौरस सेंटीमीटरवर साडेअकरा किलोच्या आसपास दाब येतो. त्यावर भिंत, छत, छप्पर धरून तिप्पट-चौपट करा. चाळीस-पन्नास. बऱ्यापैकी चुनखडी दगड दोनशेच्या घरात सहज जातो. म्हणजे दगड चिरडण्याचा प्रश्नच नाही. उंची नडली, हे माझं दसऱ्याचं वाक्य निदान या अर्थाने खोटं.

मग काय नडलं? कुणी पायाकडे बोट दाखवतं, कुणी वाऱ्याकडे, कुणी बाजूच्या दालनावर थोडा बाहेर काढलेल्या मधल्या सडपातळ खांबांकडे. पण पडल्यावर त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. जवळजवळ पन्नास वर्षं दुरुस्ती चालली. उंची एका वितीनेही कमी केली नाही. प्रत्येक खणाच्या मधोमध नवे खांब घातले. चार भागांच्या छताचे सहा भाग केले. खण निम्मा केला, बस्स. आज तिथे गेलात तर खांबांची ती गर्दी दिसते, आणि वर छत त्याच ४८ मीटरवर.

इतकी वर्षं बोव्हेची गोष्ट गर्वाचं घर खाली अशी सांगितली जाते. मीही तशीच सांगत आलो. ज्यांचं घर खाली आलं त्यांनी मात्र ते तेवढंच उंच परत बांधलं.

३ डिसेंबर

पडलं.

माझ्या चुकीने. डावीकडच्या बाहेरच्या खांबांवरचे सुळके, ते निमुळते मनोरे, अजून वाळत होते. म्हटलं तेवढ्यापुरतं राहू दे, शोभेचेच तर आहेत. उडती कमान टेकवली, आतला तात्पुरता टेकू काढला आणि बाहेरचा खांब शांतपणे, अगदी सावकाश, बाहेर कलला. मग सगळं. ९६ सेंटीमीटरचा ढीग. पापुद्र्याचे दोन तुकडे, फासळ्यांचे १९ ठोकळे गेले. मूर्तिकार काका आवाज ऐकून आले आणि त्यांनी पहिल्यांदा साचा ठीक आहे का ते पाहिलं.

रेटा कमानीतून तिरका येतो. बाहेरच्या खांबात शिरल्यावर त्याला खाली वळवायचं, तर वरून वजन हवं. सुळका म्हणजे ते वजन. पाहणाऱ्याला फूलपत्री दिसते, खाली खांबाला पोतं ठेवल्यासारखं वाटतं.

८ डिसेंबर

काल रात्री टीव्हीवर पॅरिसचं नोत्र दाम कॅथीड्रल पुन्हा उघडलं ते पाहिलं. साडेपाच वर्षं लागली. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत ओकचं सगळं छप्पर जळालं, शिखर कोसळलं, दगडी छताला भोकं पडली, पण बरंचसं छत टिकलं. आठशे वर्षांपूर्वीच्या मिस्त्रींनी आग आणि देऊळ यांच्यात ठेवलेला दगडाचा पडदा तो. सगळेच ते दाखवत होते.

मला आठवत होतं ते आगीनंतरचं दृश्य. उडत्या कमानींखाली लाकडाच्या प्रचंड फर्म्यांच्या रांगा बसवल्या होत्या. उडती कमान भिंतीला आत ढकलते, छत भिंतीला बाहेर ढकलतं, दोघांची कुस्ती बरोबरीत म्हणून भिंत उभी. छत दुबळं झालं तर कमानच भिंत आत पाडेल. म्हणून आधी कमानींना धरलं. परवाच्या ढिगाऱ्यानंतर हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

२२ डिसेंबर

भाची सुट्टीत आली. आल्या आल्या फेव्हिकॉलची बाटली काढली. प्रदर्शनात कुणी धक्का दिला तर, मामा? मी म्हटलं, तर पडेल आणि तू समजावून सांगशील. वाद जेवणापर्यंत गेला. हिने भाचीची बाजू घेतली.

मग आम्ही तिघांनी मिळून कलवून पाहिलं. बैठकीच्या एका कडेखाली गाडीचा जॅक, वर मोबाइल ठेवून कोन मोजायचा, खाली गाद्या. बैठक कलवणं म्हणजे वजनाचा काही भाग आडवा लावणं, वाऱ्यासारखाच पण सोपा. दगडी बांधकामात हे चालतं, कारण इथे ताकदीपेक्षा आकार महत्त्वाचा. आकार सारखा असला की लहान मॉडेल साधारण त्याच कोनात पडतं ज्यात मोठं पडलं असतं.

सुळक्यांशिवाय: ५ अंश. सुळक्यांसह: ८. मग १२८४ नंतरसारखे मधले खांब आणि मधली फासळी घालून: ११ पर्यंत उभं, मग भाचीलाच धीर धरवेना, तिने जॅक उतरवला.

आपलं मॉडेल १२८४ सालचं कारण सिद्ध करत नाही, हे तिला दोनदा सांगितलं. सावकाश सुकणारा चुना नाही, खालची माती नाही. ती मान डोलावत होती आणि त्याच वेळी फोनवर कुणाला तरी "आम्ही सिद्ध केलं" असं लिहीत होती.

गोंद लागणार नाही, हे मात्र तिने मान्य केलं.

२८ डिसेंबर

खिडक्या. भाचीचा प्रांत, तिने जिलेटिनचे रंगीत कागद आणले. मी फक्त एवढं सांगितलं की लाल जरा फिका ठेव. तेव्हाची लाल काच आरपार लाल केली तर काळीच दिसायची, म्हणून पांढऱ्या काचेवर लालचा पातळ थर चढवत. निळा कोबाल्टचा, काच वितळलेली असतानाच घातलेला. चेहऱ्याच्या, कपड्याच्या रेघा मात्र वरून तपकिरी रंगाने काढून भाजलेल्या. तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे आणि सगळं लोखंडी सळ्यांना बांधायचं, नाहीतर वाऱ्याने फुगतं.

ती म्हणाली, खिडक्यांसाठी भिंत काढली की भिंत काढता आली म्हणून खिडक्या? चांगला प्रश्न. पॅरिसजवळच्या सँ-दनीला मठाधिपती स्यूजे याने ११४४ मध्ये नवं गर्भगृह उघडलं तेव्हा त्याला उजेडच हवा होता, हे त्याच्या लिखाणात आहे. फासळ्या आणि टोकदार कमानींनी वजन खांबांवर गोळा झालं, मधली भिंत नुसती पडदा उरली. फ्रान्समधल्याच शार्त्रच्या कॅथीड्रलला त्या पडद्यावर सुतार, चांभार, पाव भाजणारे आपापल्या कामात गुंतलेले दिसतात, संतांच्या पायाशी. आम्ही आमच्या खिडकीच्या तळाशी एक माणूस काढला आहे, हातात रबरी साचा घेतलेला. काकांना अजून दाखवलेला नाही.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

ठोकळ्यांवर खुणा घालून झाल्या, मागच्या बाजूला, पेन्सिलीने. एकूण २१४. प्रदर्शनात परत रचायचं तर कुठला कुठे, हे कळायला हवं. भाचीने तिळगूळ चिकटवून पाहिला, म्हणाली, हा फेव्हिकॉल नाही, चालेल ना? पुसायला लावला.

१९ जानेवारी

आज आवरताना बाहेरच्या खांबांना एकमेकांशी बांधणारी पितळी तार काढली. ओतकामाच्या दिवसांत आधाराला लावली होती. आता सगळं बसलंय, चेन म्हणते रेघ जाडीच्या आत आहे, ११ अंशांचा हिशोब आहे. तार दिसायलाही वाईट.

बोव्हेलाही असंच झालं होतं. उडत्या कमानींच्या उंच खांबांमध्ये जुने लोखंडी दांडे होते. १९६० च्या दशकात ते काढले. बिनकामाचे वाटले आणि डोळ्यांना खुपत होते. मग वादळी वाऱ्यात ते सडपातळ खांब झुलायला लागले आणि दांडे परत बसवावे लागले, या वेळी पोलादाचे. हे वाचलेलं होतं. वाचलेलं असूनही काढली.

संध्याकाळी ठोकळ्यांवरची धूळ उडावी म्हणून टेबल-फॅन लावला, दोनवर. छत शांत. खांब शांत. उजवीकडच्या बाहेरच्या खांबाचा सुळका मात्र थरथरत होता, देवळातल्या समईच्या ज्योतीसारखा, आणि त्याच्या बुडाशी सांध्यातून पांढरी भुकटी गळत होती. चिमूटभर, थांबून थांबून.

फॅन बंद केला. तार परत बांधली. भाचीला फोन करून सांगितलं की डब्यात पितळी तारेचं एक जास्तीचं वेटोळं ठेवतोय.